खिडकीतली तीस अंडी

डोरीन ऑग्डनच्या खिडकीत तीस अंडी मांडलेली दिसली आणि इंग्लंडातल्या ओल्डममधल्या त्या अख्ख्या गल्लीच्या पोटात दुखायला लागलं.

करोनाच्या टाळेबंदीचा सहावा आठवडा. बाहेर पडायचं नाही, कुणाकडे जायचं नाही. म्हणून लोकांनी खिडक्यांत इंद्रधनुष्यं चिकटवली, कापसाची अस्वलं बसवली. फिरायला निघालेल्या पोरांना तेवढीच गंमत. डोरीनकडे अस्वल नव्हतं. एकोणऐंशी वर्षांच्या बाईकडे अस्वल कशाला असेल? तिच्याकडे होते उकडलेलं अंडं उभं करायचे जुने कप, एकशे बारा. कोंबडीच्या आकाराचे, समुद्रकाठच्या गावांची नावं रंगवलेले, राणीच्या राज्याभिषेकाचे, एकाला तर दोन पाय आणि पायांत पिवळे बूट. तीस वर्षं कपाटात धूळ खात पडले होते बिचारे.

"बघू देत लोकांना," ती म्हणाली. "अस्वल काय, कुणाच्याही घरी असतं."

पण रिकामा कप म्हणजे दात पडलेलं तोंड. ते काही तिला बघवेना. दूधवाला दर सोमवारी सहा अंडी ठेवून जायचा. रोज सकाळी एक, रविवारी नुसतं बेकन. टोक उडवून चमच्यानं खाल्लेल्या अंड्यांची टरफलं तिनं धुतली, पालथी करून कपांत बसवली; बाहेरून बघणाऱ्याला अख्खं अंडंच. पाच आठवड्यांत तीस कप भरले. खरं तर अंडं खाल्लं की टरफलाचं बूड चमच्यानं फोडायचं, नाहीतर चेटकीण त्याची होडी करून समुद्रात जाते, असं तिच्या आईनं शिकवलेलं. "या साथीत चेटकीणसुद्धा घरीच बसलेली असणार," असं म्हणून डोरीननं ती फोडली नाहीत.

घोळ झाला तो इथं. कारण दुकानांतून अंडी तीन आठवडे गायब होती.

आधी दाराच्या फटीतून चिठ्ठी आली. "काही लोकांना लाज नसते." मग समोरचा क्लाइव्ह सगडन आला. बसचा तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झालेला. आता तिकिटं नाहीत, तर माणसं तपासायचा. दोन मीटर अंतर ठेवायचं म्हणून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि बोंबलला.

"डोरीनबाई, लोक विचारतायत!"

"लोकांना तोंड नाही का? तू कशाला आलास?"

"एका बाईला एवढी अंडी लागतात कशाला?"

"माझं पोट, माझी खिडकी. तुझ्या बायकोनं फडताळात काय कोंबलंय ते मी विचारते का?"

"याला साठेबाजी म्हणतात!"

हा शब्द मात्र तिच्या काळजात रुतला. लहानपणी शिधापत्रिकेवर आठवड्याला एक अंडं मिळायचं, ते तिची आई दोघी बहिणींत दोऱ्यानं कापून वाटायची. चोपन्न वर्षं या गल्लीत राहून डोरीननं कधी रांग मोडली नव्हती. 'अरे, टरफलं आहेत ती,' एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. पण चोपन्न वर्षांनंतरही पुरावा द्यावा लागत असेल, तर त्या नावाला काय चाटायचंय? तिनं पडदा होता त्याहून जास्त उघडला.

क्लाइव्हनं खिडकीचा फोटो गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. लेकीचा, जिलियनचा, फोन आला.

"आई, अगं सांगून टाक ना टरफलं आहेत म्हणून!"

"का सांगू?"

"लोक नावं ठेवतायत तुला."

"ठेवू देत. त्यांचं खाते का मी?"

"मग मी लिहिते ग्रुपवर."

"लिहून तर बघ. जन्मात तुझा फोन उचलणार नाही."

पुढच्या सोमवारी दारात नुसतं दूध. बाटलीखाली दूधवाल्याची चिठ्ठी: 'तुमच्याकडे भरपूर आहेत असं कळलं. तुमची सहा गरजूंना दिली.'

म्हणजे साठेबाज ठरली ती ठरली, वर घरात एक अंडं नाही! चार दिवस डोरीननं कोरडा टोस्ट चावला. दात टोस्टवर, डोळे क्लाइव्हच्या दारावर.

गुरुवारी आठ वाजता सगळी गल्ली नेहमीसारखी दारात आली, नर्सबायांसाठी टाळ्या वाजवायला. अजून चांगला उजेड होता. डोरीननंही तवा बडवला. टाळ्या थांबल्या तशी ती आत गेली, तीसच्या तीस कप ट्रेमध्ये घालून बाहेर आली आणि ट्रे पायरीवर ठेवला.

"क्लाइव्ह! साठा तपासायचाय ना? ये, बघ."

तिनं चमचा उगारला. टक्!

"अगं बाई, कशाला नासतेस?" कोणीतरी किंचाळलं.

टरफल आत गेलं. आत काही नाही. टक्, दुसरं. टक्, तिसरं. दहाव्याला लोक माना लांबवून बघायला लागले. विसाव्याला कोणीतरी फिस्सकन हसलं. तिसावं तिनं क्लाइव्हकडे बघत फोडलं.

"लहानपणी बापापुढे पालथं टरफल ठेवून त्याला फसवलं नाहीस कधी?"

"फसवलं की," क्लाइव्ह पुटपुटला. कानापर्यंत लाल झाला होता.

"मग? सगळी अक्कल बसमध्येच विसरलास?"

ट्रे उचलून ती आत गेली. दार मुद्दाम हळू लावलं. आपटलं असतं तर राग आलाय असं वाटलं असतं त्यांना.

शुक्रवारी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर पाय ठेवायला जागा नाही. पायरीवर अंडी, कठड्यावर अंडी, कुंडीत अंडी. सहा-सहाचे डबे, डझनाचे डबे, प्रत्येकावर 'चुकलं, माफ करा' अशी सही केलेली चिठ्ठी. क्लाइव्हचा तर अडीच डझनांचा अख्खा ट्रे, वर फीत बांधलेली.

तिनं जिलियनला फोन लावला.

"किती अंडी?"

"एकशे छप्पन."

"अगंबाई! किती गोड माणसं आहेत गं तुझ्या गल्लीतली!" जिलियन म्हणाली.

"गोड? दुकानात तीन आठवडे अंडं नाही, जिलियन. एका रात्रीत ही घातली कुणी? क्लाइव्हनं?"

तिनं फोन ठेवला.

डोरीननं उरलेले कपही कपाटातून काढले, एकशे बाराच्या एकशे बारा कपांत एकेक खरं अंडं उभं केलं आणि ज्यानं त्यानं सही केलेली चिठ्ठी त्याच्या त्याच्या अंड्याला टेकवून ठेवली, तोंड रस्त्याकडे. मग पडदा पार टोकापर्यंत सारला.

समोर क्लाइव्हनं आपला पडदा ओढून घेतला.