मधली पंधरा वर्षं

शेवंतामावशी भुताचा सिनेमा पाहताना भुताचं वजन करते.

म्हणजे अंदाजाने. मारेगावात ती आमच्या शेजारी राहते. तीस वर्षं तिने अंगणवाडीत लेकरं तोलली. आता निवृत्त आहे, पण डोळ्यांतला काटा काही तिने ऑफिसात जमा केला नाही. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, आणि हे मी न विचारता सांगतो. मावशी मात्र लोकांना सांगते, "हा पिवळ्या पट्ट्यात होता. म्या आणला हिरव्यात." तिच्या तक्त्यात पिवळा म्हणजे वजन कमी, हिरवा म्हणजे बरं. माझी डिग्री ही तिच्या लेखी नंतरची गोष्ट.

गेल्या वर्षी आमच्या टीव्हीवर एक सिनेमा लागला. पाच वर्षांची पोरगी, केस तोंडावर, भिंतीवर चालते, ज्याच्याकडे पाहील तो मरतो. माझी आई पदरात तोंड घालून बसली. मावशी पुढे सरकली.

"मनगट पाह्य तिचं. बारा किलोच्या वर नाई पोट्टी. उपाशी लेकरू भितीवर नाई चढन तं काय करन?"

यंदा दुसरा भाग आला. तीच पोरगी, मोठी झालेली. टॉकीजची पायरी कधी न चढलेली मावशी सकाळीच दारात उभी. "चाल बाबू, यवतमाळले. पोट्टी कशी झाली पाहून येऊ."

एसटीने गेलो. दुपारचा खेळ. सुरुवातीलाच पडद्यावर अक्षरं आली : पंधरा वर्षांनंतर.

"आन् मधले पंधरा वर्षं?" मावशी मोठ्याने म्हणाली. "कोठी होती? कोनं जेऊ घातलं?"

"मावशी, सिनेमा आहे."

"तू शिकला नं? मंग सांग."

मागून कोणीतरी म्हणालं, "काकू, मेसचा डबा होता तिले." सगळी रांग हसली. मावशी नाही. पोरगी एका माणसाला गळा धरून उचलत होती, लोक किंचाळत होते, आणि मावशी समाधानाने म्हणाली, "दंडात ताकद आली. पन्नासच्या खाली नाई."

शेवटी गावकरी पोरीला विहिरीत ढकलतात. टाळ्या पडल्या. मावशी उठेना.

"तिसरा भाग येते नं?"

"येईल."

"मंग चाल."

घरी आल्यावर तिने पेटीतून वजनाचा एक जुना गुलाबी तक्ता काढला. वर नाव, पिंकी. आई बाळंतपणात गेली म्हणून गाव या पोरीला पांढऱ्या पायाची म्हणायचं. बाया आपली लेकरं तिच्याजवळ बसू देत नसत. मग मावशीच तिच्याजवळ बसायची, खिचडी भरवायची. पाच वर्षांची झाली आणि बाप तिला घेऊन कामाच्या शोधात कुठे दूर निघून गेला. पत्ता नाही. काट्यावर तोललेलं शेवटचं टिंब पिवळ्यात.

तो तक्ता पाच वर्षांपुरताच असतो. मावशीने कडेला वहीचे कागद चिकटवत नेले होते. हिरवा पट्टा रंगीत खडूने तिनेच पुढे ओढला होता, आणि त्यात दर वर्षाचं एक, अशी पेन्सिलीची चौदा टिंबं.

तिने चष्मा लावला, पेन्सिल घेतली.

"पन्नास बराबर आहे नं, बाबू? तू शिकेल आहे."

"बावन्न कर," मी म्हणालो.