बावीस अक्षरे आणि एक सिलिंडर

कोणत्याही सुरळीत कारभारात आदेश काढणारे एक खाते असते आणि ते आदेश गुपचूप जिरवणारे दुसरे. कारभार सुरळीत राहतो तो दुसऱ्यामुळे.

पेशीचा कारभार असाच चालतो, हे वराळ्याच्या कोमलला पुस्तकातून काही केल्या उमगेना. सोमवारी एमएस्सीचा शेवटचा पेपर, मांडीवर सात महिन्यांची चिंगी आणि समोर मायक्रो आरएनएचे, म्हणजे त्या जिरवणाऱ्या खात्याचे, प्रकरण. त्यातले दीड पान चिंगीने गिळले होते (म्हणजे अभ्यासात ती आईच्या पुढेच होती).

प्रकरण असे. केंद्रकातले जनुक आदेश काढते, संदेशवाहक आरएनए तो बाहेर पोचवतो आणि त्याबरहुकूम प्रथिन तयार होते. कोमलच्या घरी जनुकाच्या जागी सासरे, भिकाजी आबा, पडवीतल्या खाटेवर विराजमान. संदेशवाहक नवरा, सुहास (पहिली पाळी नवलाख उंबरे गावच्या कंपनीत, दुसरी घरी).

शुक्रवारी आदेश निघाला.

"सुहास, सांग तिला. पेपर-बिपर काय न्हाई द्यायचा. पोर ल्हान हाय."

स्वयंपाकघरात कोमलला ते ऐकू गेले. दोन वर्षं, एक बाळंतपण, आणि आता हे.

सासूबाई, येसूबाई, तेव्हा पडवीत तांदूळ निवडत एक भाषण करत होत्या. कान्हे गावच्या भावाच्या लग्नापासून निघून, हरवलेल्या पातेल्याला वळसा घालून, परत त्याच लग्नाशी येऊन टेकणारे. मायक्रो आरएनए जन्मतः असाच लांबलचक आणि दुमडलेला असतो. पहिली कात्री केंद्रकातच लागते: आबा खाकरले, लग्नाची दोन्ही टोके गळाली. दुसरी बाहेर (म्हणजे पडवीतून घरात) आल्यावर: कुकरची शिट्टी झाली, पातेल्याचा वळसा गेला. उरल्या दोन पट्ट्या, एक गाऱ्हाण्याची, एक कामाची. गाऱ्हाण्याची टाकून दिली (एक टाकायचीच असते). दुसरी उंबऱ्यावर सुहासला चिकटली.

"कोमल, आबा म्हणत व्हते—"

"सुहास, आदी त्यो सिलिंडर बदल, मग काय त्ये बोल बाबा," येसूबाई म्हणाल्या.

कोमलने बोटांवर अक्षरे मोजली. बावीस. पुस्तकात मायक्रो आरएनएचीही साधारण तेवढीच.

सुहासने सिलिंडर बदलला (तो परवाच बदलला होता. त्याने भरलेला काढून रिकामा बसवला. शनिवारी आबांनी आदेशाची आठवण केली, तेव्हा पुन्हा बदलायची सोय झाली). हात पुसेपर्यंत संदेश त्याच्यातच विरघळला.

"काय सांगत व्हता?" कोमलने भीत भीत विचारले.

"काय न्हाई. चा हाय का?"

आदेश नाकारला गेला नाही, हे ध्यानात घ्यावे. पडवीत तो आजही लागू आहे. दिवाळीपासून आबांनी एकेचाळीस आदेश काढले. अमलात आले सहा, पैकी पाच चहाचे. म्हैस विकणे, आंबा तोडणे, व्याह्यांशी बोलणे बंद करणे, हे सगळे त्याच एका वाक्याने थोपवले. आदेशाशी ते पुरते जुळावे लागत नाही. थोडे जुळले तरी भागते.

सोमवारी चिंगी येसूबाईंच्या कडेवर आणि कोमल परीक्षेला. प्रश्न आला: 'उदाहरणासह स्पष्ट करा.' कोमलने पुरवणी मागितली.

निकाल लागल्यावर आबांनी पारावर पेढे वाटले. "म्याच बसवली तिला पेपराला!"

वाचकहो, आपल्या घरी मात्र आपलेच चालते, याबद्दल आम्हाला शंका नाही. फक्त आठवून पाहा. मघाशी आपण घरात काहीतरी ठाम सांगायला निघाला होता. तेवढ्यात, 'आधी हे वाचा, मग बोला,' म्हणून हे पान आपल्या हातात कुणी दिले?