मॅडमचं ऑर्किड

पंधरा दिवस माहेरी जाताना हेमाली मॅडमनी ऑर्किडची कुंडी प्रफुल्लच्या हवाली केली, तेव्हा त्याला कारखान्यात कायम करायचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. म्हणून बोईसरहून सालवडपर्यंत रिक्षात त्याने ती कुंडी मांडीवर बसवून आणली.

"मुळं तेवढी जपा हं," मॅडम म्हणाल्या होत्या.

घरी येऊन बघतो तर निम्मी मुळं कुंडीबाहेर लोंबकळलेली, आत मातीचा कण नाही, नुसते सालींचे तुकडे. "नर्सरीवाल्यानं मॅडमना चक्क फसवलंय!" तो बायकोला म्हणाला. लगेच काळी माती आणून त्याने सगळी मुळं गाडली आणि सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी सुरू केलं.

आठवड्यात पानं पिवळी पडली. त्याने पाणी वाढवलं. मग पानं लोळली. त्याने मूठभर युरिया टाकला. तेराव्या दिवशी कुंडीला वास सुटला आणि मॅडमचा फोन आला, "उद्या संध्याकाळी न्यायला येते."

त्याच दुपारी दांडी गावाहून प्रफुल्लच्या सासूबाई जिवलीबाई आल्या. त्यांनी मासळीची टोपली उंबऱ्यावरच टेकवली. "लोक माझ्या बोंबलांना नाक मुरडतात, नि ह्यो वास कसला?"

कुंडी पाहून त्यांनी झाड सरळ उपटलं, नळाखाली धुतलं आणि एकेक मूळ चिमटीत दाबून पाहिलं. "मासली घेताना कल्ले बघतात ना, तशी ह्याची मुळं बघायची. पिचपिचीत ते गेलं. टणक हाय ते जितं."

गॅसवर तापवलेल्या कात्रीने त्यांनी कुजकं तेवढं छाटलं. प्रफुल्लने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पाच मुळं उरली होती.

"हे फांदीवर राहणारं झाड, जावाय. आमच्या वाडीत आंब्यावर हाय असंच. त्याच्या मुळांना वारा लागतो. तुमी बुडवलंत त्याला."

सकाळपर्यंत मुळं सावलीत सुकली. मग भोकांच्या कुंडीत नारळाची सोडणं, कोळशाचे तुकडे, आणि झाडाला आधार जाळ्याच्या दोऱ्याचा. चाळीस वर्षं जाळी विणलेल्या त्या बोटांनी मुळाला न दुखवता गाठ मारली. कारखान्यात रोज नटबोल्ट आवळणारा प्रफुल्ल बघतच राहिला. इतकी हलकी आणि इतकी पक्की गाठ त्याने जन्मात पाहिली नव्हती.

संध्याकाळी मॅडम आल्या. त्याने एका दमात सगळं कबूल केलं. माती, पाणी, युरियासकट. मॅडमनी वाकून ती पाच मुळं पाहिली.

"म्हणजे जगणार हे?"

"जगंल की. आठवड्यातून एकदा पाणी, तेबी निथळून," जिवलीबाई म्हणाल्या.

मॅडम खुर्चीत बसल्या. "नणंदेनं दिलेली तीन माझ्या हातून मेली हो. हे चौथं. म्हटलं, निदान हे तरी दुसऱ्याच्या हातून मरू दे. म्हणून तर झाडातलं काही न कळणाऱ्या प्रफुल्लना निवडलं!"

मग जिवलीबाईंनी कुंडी उचलून आपल्या टोपलीशेजारी ठेवली.

"मी नेते दांडीला. फुललं की या बघायला दोघंबी. पण हात मागं बांधून."