डॉक्टर वर बघत नाहीत

डॉक्टरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. पाय मात्र एकदा पाहिला की पाहिला. रक्तवाहिन्यांच्या सर्जनचं असं होणारच म्हणा. पण ही खोड त्याआधीची. वडिलांच्या चपलांच्या दुकानात बुटक्या स्टुलावर बसून, गिऱ्हाइकांच्या पायांत बूट चढवता चढवता ते वाढले. पुढे भल्यामोठ्या पदव्या मिळाल्या, तरी मान खालीच राहिली.

आणि ज्यांच्यामुळे हे सारं झालं, ते वडीलच पाय दाखवायला तयार नव्हते. वर्षभरात त्यांचं फिरणं कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत येऊन थांबलं होतं. "पुढे बघण्यासारखं काय आहे?" म्हणायचे. लेकाने पायाचा विषय काढला की त्यांना नेमकं बाथरूमला जायचं असे.

त्या रविवारी डॉक्टर आईवडिलांकडे जेवायला आले, तर खालच्या मजल्यावरच्या काकू मोजे काढून तयार.

"पाचच मिनिटं रे," आई म्हणाली. "शिरा बघ जरा त्यांच्या."

शिरा उत्तम होत्या. तोवर काकूंचे यजमान आले, समोरचे मास्तर आले, मास्तरांची बहीण आली. दाराशी चपलांचा ढीग झाला आणि आईचं भाषण सुरू झालं. "फुगलेल्या शिरा, न भरणाऱ्या जखमा, चालताना पोटरीत येणारे गोळे, मानेची शीर साफ करणं, सगळं करतो तो! या, बसा."

"आई, मानेचं दिवाणखान्यात नाही करता येत!"

"मी कुठे म्हणते आत्ता कर?"

डॉक्टर स्टुलावर, रुग्ण खुर्चीवर. मास्तरांनी तर जाता जाता अंगठ्याचं नखही कापून घेतलं. पाय येत होते, जात होते, आणि सगळे ठणठणीत होते. पोटात कावळे ओरडत असल्यामुळे डॉक्टरांचा पारा चढू लागला.

मग एक पाय आला. गार. नडगीवरचे केस गेलेले. डॉक्टरांनी घोट्यामागे बोटं ठेवली. नाडी लागेना.

"काका, चालताना पोटरी दुखते? थांबलं की बरं वाटतं?"

पाय जरासा मागे सरकला.

"सिगारेट?"

"सोडली," वरून आवाज आला. "म्हणजे... सोडतोय."

डॉक्टरांनी झटकन मान वर केली.

"बाबा! बोलला का नाहीत?"

वडील खिडकीकडे बघत राहिले. "कापावा लागेल का रे?"

जन्मभर लोकांचे पाय हातात घेतलेल्या त्या माणसाला स्वतःचा पाय लेकाच्या हाती द्यायची लाजही वाटत होती आणि भीतीही. डॉक्टरांनी तो गार पाय दोन्ही हातांत धरला.

"कापावा लागू नये म्हणून तर मी आहे, बाबा. उद्या तपासण्या करू. बहुतेक औषधं आणि रोजचं चालणं यावर भागेल. नाहीच भागलं, तर रक्तवाहिनीत बारीक तार घालून वाट मोकळी करता येते. ते माझे सर करतील, मी शेजारी उभा राहीन. पण सिगारेट आजपासून बंद."

वडिलांनी मान डोलावली. पायही मागे घेतला नाही.

"झालं ना हो वहिनी?" काकूंनी मोजे चढवत आईला विचारलं. "मग निघतो आम्ही. गॅसवर भाजी ठेवून आलेय." सगळेच उठले, आणि बघता बघता चपलांचा ढीग नाहीसा झाला.

आता कुठे डॉक्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला. "आई, हे सगळं तू... बरं, आता तुझे पाय बघू."

"माझ्या पायांना काय धाड भरलीय?" म्हणत आई स्वयंपाकघराकडे सटकली. जरा लंगडतच.

वडिलांनी उठून खुर्ची रिकामी केली.

"बस गं," ते म्हणाले. "तो वर बघत नाही."