सत्तेचाळीस नंबरचा वटवट्या

रघुअण्णा कुणी भेटलं की आधी त्याच्या पायांकडे बघतात. पहिल्या भेटीत मला वाटलं, माझ्या चपला दोन वेगळ्या जोडांतल्या आहेत हे त्यांनी हेरलं. (तशा त्या होत्याही.) पण अण्णा सवयीने कडी शोधत होते.

तीन पिढ्या राजाजीनगरात काढलेल्या मराठी घरातले हे आमचे घरमालक. मी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. अण्णा सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि पक्ष्यांच्या पायात कड्या घालायला लागले. महिन्यातून दोन रविवार, शहराबाहेरच्या तळ्याकाठी, रीतसर परवाना काढून. तीच सहा जाळी, तेच बांबू, त्याच जागा, उजाडल्यापासून तेच चार तास. अडकलेला पक्षी अलगद सोडवायचा, पिशवीत घालून वजन करायचं, नंबराची कडी घालायची, वहीत लिहायचं, सोडून द्यायचं. जाळं रिकामं राहिलं तर शून्य लिहायचं.

"शून्य पण पक्ष्यांनीच दिलंय," अण्णा म्हणतात. "आपण स्वल्प पण वाढवायचं नाही. सरी?"

मी सरी, म्हणजे कन्नडमध्ये 'बरं', म्हणालो आणि मदतीला गेलो त्या पहिल्याच दिवशी पळत जाऊन तिसऱ्या जाळ्यात अडकलो. ही जाळी दिसतच नाहीत, तोच त्यांचा गुण. अण्णांनी मला बटणाबटणाने सोडवलं आणि वहीत नोंद केली : 'जाळे तीन. माणूस एक. वीस मिनिटे बंद.'

या कडक माणसाचा जीव एका वटवट्यात गुंतलाय, हे मला उशिरा कळलं. मातकट रंगाचा, चिमणीहून लहान, हिमालयापलीकडून थंडीत येणारा पक्षी. कडीवरचे शेवटचे आकडे सत्तेचाळीस. सलग पाच हिवाळे तो चौथ्या जाळ्यात सापडला होता. यंदा मार्च उजाडला तरी पत्ता नाही. चौथ्या जाळ्याकडे जाताना अण्णांची चाल बदलायची.

हंगामाचा शेवटचा रविवार आला. मला राहवेना. मी फोनवर वटवट्याचा आवाज लावला आणि फोन चौथ्या जाळ्यामागच्या झुडपात लपवला.

पुढच्या फेरीला त्या जाळ्यात दोन वटवटे. दुसऱ्याची कडी अण्णांनी तीनदा वाचली. "सत्तेचाळीस," ते हळूच म्हणाले. वही पुढे ओढली, पेन्सिल उचलली, आणि झुडपातून माझ्या मॅनेजरचा फोन वाजला. रविवारी.

अण्णांनी झुडपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सगळं कबूल केलं. आवाज लावून बोलावलेला पक्षी मोजणीत धरत नाहीत. आधीच्या वर्षांशी ताळाच जुळत नाही. त्यांनी अख्ख्या दिवसावर काट मारली. मी गयावया करून म्हणालो, एवढा एक तरी लिहा, कोण विचारणार आहे?

"पुणेकर, मी विचारणार ना."

पक्षी गरजेपेक्षा क्षणभरही हातात ठेवायचा नाही, हा त्यांचाच नियम. आता तर वजन नाही, नोंद नाही. तरी अण्णांची मूठ उघडेना. ती तोंडाजवळ नेऊन ते काहीतरी पुटपुटले. मग बोटं सोडली.

परतताना नेहमीच्या हॉटेलात त्यांनी दोघांसाठी केसरीभात, म्हणजे तिकडचा केशरी शिरा, मागवला. अण्णा घरी एकटे, रोज दोन इडल्या आणि कॉफी, हे तिथल्या वेटरला पाठ. त्याने विचारलं, आज गोड काय म्हणून, मुलगा आला का परदेशातून? एवढं कन्नड मला कळतं. अण्णांचं उत्तरही कळलं.

"मुलगा नाही रे. पण घरचं एक माणूस सुखरूप आहे, आज समजलं."