लेखी हरकत

मार्च महिना, दुपारचे तीन, जळगावचं ऊन. पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत कुत्रीसुद्धा नळाच्या ओल्या जागेवरून हलत नसत. अशा वेळी नाना अंगात लोकरीचा कोट आणि डोक्याला माकडटोपी घालून टीव्हीसमोर ताठ बसलेले असायचे. कपाळावरून घामाच्या धारा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, माणसाला हिवताप भरलाय. डॉक्टरला बोलवू का म्हणून विचारलं.

"डॉक्टर कशाला?" नाना म्हणाले. "समोर ते पोरगं बर्फावर नाचतंय आणि मी बनियनवर बसू? काही रीतभात आहे की नाही?"

मी नगरकडचा. भूमापन कार्यालयात मोजणीदार. बदली होऊन इथं आलो आणि नानांच्या शेजारच्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. नाना मूळचे धुळ्याकडच्या एका खेड्यातले. तिकडे एका विकास सोसायटीत तीस वर्षं गटसचिव होते. निवृत्त झाल्यावर बायकोच्या, म्हणजे अक्कांच्या, डोळ्यांच्या उपचारासाठी जळगावला आले. उपचार झाले, डोळे मात्र गेले. काचबिंदू. अक्का आता खाटेवर बसून हातानं चाचपत शेंगा सोलायच्या, आणि टीव्ही ऐकायच्या.

तेव्हा कॉलनीत केबल नवी नवी आली होती. लोक सिनेमे बघायचे, क्रिकेट बघायचे. नानांना कसं कोण जाणे, बर्फावर घसरत नाचणाऱ्या माणसांचं वेड लागलं. बायकांची स्पर्धा ते बघत नसत. "बाया मुळातच नेटक्या असतात," म्हणायचे, "त्यात काय पाहायचं? गड्यानं नेटकं वागून दाखवलं तर खरं." अमक्या दिवशी पुरुषांची स्पर्धा आहे हे कळलं की केबलवाल्याच्या दारात सकाळीच उभे. तो बिचारा म्हणायचा, "नाना, त्या वेळी सिनेमा लावायचाय." नाना म्हणायचे, "माझी हरकत आहे. लेखी देऊ का?"

हे त्यांचं पालुपद. भाजीत मीठ जास्त, हरकत. नळाला पाणी उशिरा, लेखी हरकत. तीस वर्षं सभांची इतिवृत्तं लिहून माणसाचा असा कागद झाला होता. घरातसुद्धा इतिवृत्ताची वही होती. लाल पुठ्ठ्याची. स्पर्धा संपली की कोट उतरवायच्या आधी ठराव लिहून व्हायचा. चांगला खेळ झाला तर अभिनंदनाचा, मार्क चुकीचे पडले तर निषेधाचा. खाली सूचक म्हणून स्वतःची सही. आणि अनुमोदक? तो बाहेरचा पाहिजे. घरातल्या घरात अनुमोदन नाना चालवून घेत नसत.

आणि एक सांगतो, माणसाला खेळ कळत होता. कुणी शिकवलं नाही, इंग्रजी येत नाही, जन्मात बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर. पण नुसत्या डोळ्यांनी गिरक्या मोजायचे. आम्ही चौघे-पाचजण सतरंजीवर बसलेले, "वा वा" करतोय, आणि नाना शांतपणे म्हणायचे, "तिसरी गिरकी पुरी नाही. पाव कमी." मग टीव्हीवर तोच भाग हळू करून दाखवायचे आणि खरंच पाव गिरकी कमी असायची! कुणाचा हात बर्फाला टेकला, कोण दोन पायांवर उतरला, कोण बाजाच्या मागे पडला, काही सुटत नसे. मार्क सहापैकी असायचे. ते जाहीर व्हायच्या आधी नाना पुटपुटायचे, "पाच पूर्णांक सहा." पडद्यावर यायचे पाच पूर्णांक सहा. मी अठरा वर्षं जमिनी मोजल्या, पण असा डोळा पाहिला नाही. मी तर मनातल्या मनात त्यांना गुरूच केलं होतं.

ही नजर मग टीव्हीपुरती राहीना. शेजारच्या शाळेनं स्नेहसंमेलनात त्यांना नाचाचे परीक्षक केलं. नानांनी मुलांना दशांशात मार्क दिले, वर प्रत्येकापुढे कारण लिहिलं. "इयत्ता सातवी, उजवा खांदा उतरलेला." हेडमास्तरांनी पुन्हा बोलावलं नाही. एकदा मी लुनावरून कोपऱ्यावर घसरलो, सगळ्या कॉलनीसमोर आडवा. लोक धावले. नाना ओट्यावरून म्हणाले, "पडणं वाईट झालं. उठणं मात्र चांगलं होतं, मोजणीदार." गुडघा फुटला होता, तरी मला हसू आलं.

परीक्षकांवर त्यांचा डोळा फार. नऊ परीक्षक असायचे. नाना त्यांना संचालक मंडळ म्हणायचे. "नऊ संचालक, आणि बर्फावर उभा राहिलेला त्यातला एक तरी आहे का?" पण खोटा आरोप कधी नाही. एखाद्या परक्या पोराला कमी मार्क पडले आणि सतरंजीवरून कुणी ओरडलं, "फिक्सिंग आहे नाना, फिक्सिंग!" तर नाना त्यालाच झापायचे. "तो चुकला ते दिसलं नाही का तुला? डोळे शेतस का बटना?"

म्हणूनच मला सुपडूचं कोडं उलगडेना.

सुपडू हा तिकडच्या कुठल्याशा थंड देशाचा खेळाडू. खरं नाव उच्चारायला जीभ दोनदा दुमडावी लागे, म्हणून अक्कांनी त्याला सुपडू म्हटलं आणि कॉलनीनं तेच चालू केलं. उंच, किडकिडीत, निळा सदरा. अक्कांची नजर थोडी शिल्लक होती तेव्हा त्यांनी त्याला एकदा पडद्याला नाक लावून पाहिलं होतं. त्यानंतर त्यांना काही दिसलं नाही. तर हा सुपडू पोरगा भला, पण पडायचा. दर स्पर्धेत एकदा तरी. धडपडायचा, हसत उठायचा, पुन्हा सुरू.

आणि हे नानांना दिसायचंच नाही! सुपडू बर्फावर आला की नाना अक्कांसाठी मोठ्यानं सांगायला लागायचे, घरच्या अहिराणीत. "हाई देख, ऊना. निळा सदरा शे. पळस, पळस... उडना!" तिकडे सुपडू सपशेल आडवा. इकडे नानांना जोराची खोकल्याची उबळ. खोकला थांबला की, "काय उतरना! काय उतरना!" मग मार्क पडायचे चार पूर्णांक काहीतरी, आणि नाना उसळायचे. "हरकत! लेखी हरकत! बठ्ठा संचालक विकायेल शेतस!" बठ्ठा म्हणजे सगळे, नऊच्या नऊ.

अक्का शेंगा बाजूला ठेवून म्हणायच्या, "ठराव लिखा."

नाना लिहायचे आणि लिहिता लिहिता वाचायचे. "आज रोजीच्या स्पर्धेत खेळाडू श्री. सुपडू यांनी निर्दोष खेळ केला असताना परीक्षक मंडळाने दिलेले गुण ही सभा अमान्य करीत असून, सदर अन्यायाचा तीव्र निषेध करीत आहे. सूचक मी. अनुमोदक?"

सतरंजीवरचे लोक चपला शोधायला लागायचे. जो तो छताकडे बघत बाहेर. उरायचो मी. आणि मी म्हणायचो, "नाना, मी सही करणार नाही." मोजणीदाराची सही आहे. जे दिसलं तेच लिहायचं, भावाभावांत डोकी फुटली तरी रेघ हलवायची नाही, ही आमची शिकवण. नाना तोंड वाकडं न करता लिहायचे, "अनुमोदकाअभावी तहकूब." अशा तहकुब्या साचत गेल्या.

दुसऱ्या वर्षी मला राहवलं नाही. सुपडू असा पडला की घसरत पार कठड्याला जाऊन आपटला, आणि नाना खोकून म्हणाले, "काय उतरना!"

"अहो नाना," मी म्हटलं, "तो—"

"मोजणीदार, जरा फाटकाशी या बरं. कडी बसत नाहीये."

कडी चांगली होती. फाटकाशी नानांनी माकडटोपी काढली. केस घामानं चपटे झालेले. हळू आवाजात म्हणाले, "पडला. मला काय दिसत नाही होय? डावा खांदा आधीच गेला होता, उडायच्या आधीच मला कळलं होतं. चार पूर्णांक सात म्हणजे परीक्षकांनी मेहेरबानीच केली."

"मग हे सगळं?"

"ह्या घरात डोळे फक्त मला आहेत. मग काय दिसलं ते ठरवायचा अधिकारपण माझाच. सुपडू पडला म्हटलं की तिला दोन दिवस भाकर गोड लागत नाही." टोपी पुन्हा चढवत म्हणाले, "बदनामी त्या परीक्षकांची होते, त्याचं वाईट वाटतं. माणसं चोख आहेत. म्हणून तर ठराव तहकूब राहतो तेच बरं. तुम्ही सही करू नका. तुमचं बरोबर आहे."

मी कडी लावून घरी आलो. रागच आला होता थोडा. खोटं ते खोटं, कितीही मायेनं बोला. आणि अक्कांसारख्या शहाण्या बाईला असं फसवायचं?

त्याच्या पुढच्या मार्चमध्ये सुपडूची शेवटची स्पर्धा होती. टीव्हीवर इंग्रजीत बोलणारा तसं पुन्हा पुन्हा सांगत होता. लग्नसराई असल्यानं सतरंजीवर मी एकटाच. सुपडूचे केस विरळ झाले होते, निळा सदरा तोच. नाना सुरू झाले. "ऊना. देख, हसस बी." पहिली उडी, आडवा. खोकला. "काय उतरना!" दुसरी उडी, पुन्हा आडवा. पुन्हा खोकला. तिसऱ्या वेळी तो पडला तो लवकर उठेना. गुडघ्यावर बसून राहिला, आणि बाजा आपला पुढे चाललेला. नाना खोकत राहिले, खोकत राहिले, आणि खोकता खोकताच उठून मागच्या दारी गेले. नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ नळ चालू होता.

"तीन खेपा पडना ना रे भाऊ?" अक्का म्हणाल्या.

मी चटकन मागच्या दाराकडे पाहिलं.

"मी आंधळी शे, बहिरी नही. धपकन आवाज येस. लोके हाय करतस. आनि तो पडना का तुन्हा नाना खोकतस." अक्का हसल्या. "इतला वरीस व्हयनात, पन त्यास्ले वाटस, मले समजत नही."

"मग अक्का, तुम्ही बोलत का नाही?"

अक्कांनी सोललेल्या शेंगांची परडी मांडीवर ओढली. मग जे सांगितलं ते थांबत थांबत. त्यांना दोन मुलगे झाले होते. पहिला सव्वा महिन्याचा होऊन गेला, दुसरा पाचव्या दिवशी. इकडे ज्या घरात लेकरं टिकत नाहीत तिथं पुढच्या लेकराला जन्मल्याबरोबर सुपात घालतात आणि सुपडू नाव ठेवतात, म्हणजे ते जगतं. अक्कांनी सूप नवं आणून ठेवलं होतं. नाव ठरलं होतं. तिसरा आलाच नाही.

"दोन्ही खेपा तुन्हा नाना एक शबद बोलनात नही," अक्का म्हणाल्या. "रडनात नही. देवनी मरजी म्हने, आनि दुसरा दिन सोसायटीमा गयात. मले इतला राग ऊना, भाऊ. मन्हा पोरेसकरता कोनीच भांडनं नही." मागच्या दाराकडे त्यांनी मान वळवली. नळ अजून चालू होता. "आते सुपडूकरता नऊ जनससंगे भांडतस. भांडू दे. मले आयकाले बरं वाटस. त्यास्ले सांगू नको."

नळ बंद झाला. नाना आले. चेहरा धुतलेला, माकडटोपी भिजून गळत होती, तरी डोक्यावर होती. टीव्हीवर मार्क येऊन गेले होते, फार वाईट मार्क. नानांनी ते पाहिलेच नव्हते. विचारलंही नाही. वही काढली, पेन झटकलं.

"ठराव लिखा," अक्का म्हणाल्या.

"आज रोजीच्या स्पर्धेत," नाना वाचू लागले, "खेळाडू श्री. सुपडू यांनी निर्दोष खेळ केला असताना..." पुढचं न वाचता नुसतंच लिहिलं. खाली सही केली. मग सवयीनं म्हणाले, "अनुमोदक?" आणि उत्तराची वाट न बघता "तहकूब"चा त काढला.

"थांबा नाना," मी म्हटलं.

वही त्यांच्या हातातून ओढून घेतली. तो त खोडला. खाली पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, तारीख घातली, जमिनीच्या नकाशावर करतो तशी सही केली.

"मोजणीदार, तुम्ही स्वतः पाहिलं?"

"पाहिलं. स्वच्छ उतरला. तिन्ही वेळा."

नानांनी टोपी काढून हातात पिळली आणि सभेत विचारायचे तसं खोलीला विचारलं, "सभेची मान्यता आहे?"

"शे," अक्का म्हणाल्या. "बठ्ठासनी."

मग नानांनी वही पुढे ओढली आणि माझ्या सहीखाली लिहिलं, सर्वानुमते मंजूर.