आमच्या कॉम्प्युटरची चाल

आमच्या घरात यंत्रांबद्दलचे निर्णय मी घेते. वास्तविक नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, पण त्याचं एकच तत्त्व आहे: चालतंय ना, मग हात लावायचा नाही. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. तिथली यंत्रं दर वर्षी बदलतात आणि दर वर्षी मीच ती आधी शिकते. त्यामुळे घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर रोज सकाळी पाटी झळकायला लागली, की 'तुमची सिस्टिम आता जुनी झाली आहे, तिला यापुढे संरक्षण मिळणार नाही', तेव्हा मी जेवताना जाहीर करून टाकलं, "रविवारी नवी सिस्टिम घालायची. एका दुपारचं काम आहे."

मला वाटलं, कोणी मान वर करून बघणारही नाही. हा कॉम्प्युटर स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मधल्या बोळात कपाटाला टेकून बसलेला असतो. बटण दाबल्यावर तो असा घरघरतो, की जणू कोणी चढावर लोखंडी पलंग ढकलतंय. तो पूर्ण जागा होईपर्यंत आपला चहा उकळून, पिऊन, कप विसळूनही होतो. अशा यंत्राची बाजू कोण घेणार?

"मुळीच नाही," सासरे म्हणाले. "माझा डाव चालू आहे."

बाबा म्हणजे माझे सासरे, भूमितीचे निवृत्त मास्तर. रोज सकाळी ते कॉम्प्युटरवर बुद्धिबळाची एक चाल खेळतात. पांढरी मोहरी त्यांची, काळी कॉम्प्युटरची. दुपारचा चहा झाला की काठी घेऊन फिरायला जातात, आणि परत येईपर्यंत काळ्याची चाल झालेली असते. एका चालीला एवढा वेळ का लागतो, हे मीच त्यांना सुरुवातीला समजावून सांगितलं होतं. यंत्र जुनं आहे, बाबा. विचार करायला वेळ लागतो त्याला.

"उलट नवी सिस्टिम आली की ते चटकन खेळेल," मी म्हणाले.

"म्हणजे मी जिंकत आलो असताना तू त्याला अक्कल वाढवून देणार?"

"अहो बाबा, तसं नसतं ते."

"बागेतल्या बेंचवरच्या सगळ्यांना सांगून बसलोय मी, की या वेळी यंत्राला मात देणार. आता मध्येच यंत्र बदललं तर ते म्हणतील, मास्तर हरायला लागले म्हणून प्रतिस्पर्धीच बदलून आणला."

मी आईंकडे, म्हणजे सासूबाईंकडे पाहिलं. त्या कॉम्प्युटरकडे फक्त फडकं घेऊन जातात. त्या माझ्या बाजूने बोलतील असं वाटलं होतं. पण ताटातला भात कालवता कालवता त्या म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळतंय? पण राहू दे गं. म्हाताऱ्या माणसाचा डाव कशाला मोडायचा?"

नवऱ्याने तत्त्व सांगितलं. तीन विरुद्ध एक. पण मी हार मानणाऱ्यातली नाही. डाव नव्या सिस्टिममध्ये जसाच्या तसा नेता आला, तर तक्रारच उरत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानाला सुट्टी होती, म्हणून बाबा फिरायला गेल्यावर मी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. हा माणूस कॉम्प्युटरला पेशंट म्हणतो आणि उघडण्याआधी त्याच्या पाठीवर हात ठेवतो. त्याने बुद्धिबळाचा खेळ उघडला, इकडे तिकडे दाबून पाहिलं आणि खुर्चीत मागे रेलला.

"ताई, हा खेळ कोणाशी खेळतात काका?"

"कॉम्प्युटरशी."

"हा खेळ खेळत नाही हो. हा नुसता पट आहे. दोन माणसांनी समोर बसून मोहरी सरकवायची. याला स्वतःची चाल सुचतच नाही."

स्वयंपाकघरात आई भाजी चिरत होत्या. तो सुरीचा आवाज थांबला आणि जरा वेळाने पुन्हा सुरू झाला. हे मला आठवतं, पण त्या वेळी माझं लक्ष पडद्यावर होतं. काळा घोडा कालच पुढे आला होता. मग तो आणला कोणी?

"बाहेरून कोणी घुसला असेल," कॉम्प्युटरवाला सहजपणे म्हणाला. "जुन्या सिस्टिमची दारं-खिडक्या उघडीच असतात. इंटरनेटची वायर काढून ठेवा आणि बघा."

तो निघून गेला, पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. जगातला कोणीतरी अनोळखी माणूस रोज आमच्या बोळात शिरून माझ्या सासऱ्यांशी बुद्धिबळ खेळतो? आणि बाकी कशालाच हात लावत नाही? हा कसला चोर? मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर मला त्याला भेटायची इच्छा व्हायला लागली.

वायर काढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानातून आले, तर काळ्या हत्तीने दोन घरं ओलांडली होती.

म्हणजे खेळणारा घरातला. मी नवऱ्याला गाठलं.

"घोडा कसा चालतो?"

"कुठला?"

"बुद्धिबळातला."

"अडीच घरं," तो म्हणाला, मग थोडा विचारात पडला. "पण अर्ध्या घरात उभा कसा राहतो तो?"

हा नव्हे. आईंचं नाव माझ्या मनातही आलं नाही. उरलं कोण? शेजारच्यांकडे आमची जादा किल्ली असते, खालच्या मजल्यावरचा शिंपी अधूनमधून बाबांकडे पेपर वाचायला येतो. मी सगळ्यांना मनातल्या मनात तपासलं आणि शेवटी ठरवलं, की डोळ्यांनी बघायचं. दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि निघताना नवऱ्याला फोन केला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. लिफ्टवाला माणूस फोनवर निम्मंच ऐकतो, कारण तो उभा असतो खोल विहिरीसारख्या जागेत आणि वरून कोणीतरी हातोडा मारत असतं. मी म्हणाले, "घरात दुपारी कोणीतरी येतं, बाबांच्या खुर्चीत बसतं, आपली चाल खेळतं आणि ते यायच्या आत निघून जातं. मी आज कपाटात लपून बघणार आहे."

त्याने ऐकलं, "घरात दुपारी कोणीतरी येतं" आणि "मी कपाटात लपलेय."

बोळातलं ते कपाट खोल आहे. त्यात प्रवासाच्या बॅगा, मोडका पंखा आणि जुन्या चादरी असतात. कपाट नंतर बसवल्यामुळे कॉम्प्युटरचा प्लगही आतच अडकलाय, वायर दाराच्या खालून बाहेर जाते. आई शेजारी गेल्या होत्या आणि बाबा आत पडले होते, तेवढ्यात मी चपला हातात घेऊन आत शिरले, एका बॅगेवर बसले आणि फटीला डोळा लावला.

चहा झाला. बाबा काठी घेऊन बाहेर पडले. दार लागलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या, नाकात चादरींची धूळ गेली. मग पावलं वाजली.

आई आल्या. पदराला हात पुसले, मीच करून दिलेला वाचायचा चष्मा लावला आणि बाबांच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या. ज्या बाई मला फोनवर आवाज वाढवून मागतात, त्यांनी माउस असा धरला जणू लाटणं. पटाकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "अस्सं. वजिरावर डोळा आहे होय?" आणि हनुवटीला बोट लावून विचार करायला लागल्या.

मी श्वास रोखला. तेवढ्यात दारात किल्ली फिरली आणि माझा नवरा दोन सहकाऱ्यांसह आत घुसला. तिघांच्या हातांत लोखंडी पाने. आई दचकून उभ्या राहिल्या. मला शिंक आली. नवऱ्याने कपाटाचं दार एका हिसक्यात उघडलं आणि मी, दोन बॅगा आणि मोडका पंखा असे सगळे एकदम बाहेर आलो. बॅगेच्या चाकात वायर अडकली होती. प्लग निघाला. कॉम्प्युटरने एक मोठा उसासा टाकला आणि पडदा काळा झाला.

"कुठे आहे तो?" नवऱ्याने विचारलं.

"कोण?" मी जमिनीवरून म्हणाले.

"तो, दुपारी येणारा."

एवढ्यात बाबा दारात उभे. रस्त्यावरून तीन माणसं पाने घेऊन आपल्या जिन्यात पळताना दिसली, म्हणून माघारी फिरले होते. त्यांनी जमिनीवरच्या सुनेकडे पाहिलं, पाना धरलेल्या मुलाकडे पाहिलं, आणि मग चष्मा लावून उभ्या असलेल्या बायकोकडे.

"मी धूळ पुसत होते," आई म्हणाल्या. हातात फडकं नव्हतं.

मला वाटलं, आता या माणसाचं काळीज तुटणार. इतके दिवस ज्या यंत्राशी लढतोय म्हणून अख्ख्या बेंचला सांगितलं, ते यंत्र भाजी चिरत होतं. बाबा हळूहळू जवळ आले आणि काळ्या पडद्याकडे बघत म्हणाले, "वजीर वाचवलास का?"

आईंनी चष्मा काढला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच आठवड्यात कळलं. यंत्र कधी वजीर सोडून उंट वाचवतं का? लग्न झाल्यापासून बघतोय, उंटावर तुझा फार जीव."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू खेळली असतीस?"

आई खुर्चीत बसल्या. "समोर बसलं की हे शिकवायला लागतात," त्या मला म्हणाल्या, जणू खटला माझ्यापुढे चालू होता. "नवीन लग्न झालं तेव्हा पट मांडला होता यांनी. मी मोहऱ्याला हात लावला की, थांब, विचार कर. हात काढला की, असं का केलंस, सांग बघू. वर्गात बसल्यासारखं वाटायचं. मी पट गुंडाळून ठेवला. पुढे हा कॉम्प्युटर आला. यांनी पहिली चाल खेळली आणि यंत्र बिचारं गप्प. हे सारखे उठून बघायचे, खेळलं का, खेळलं का. मला दया आली, म्हणून एक प्यादं सरकवलं. यंत्राला कोणी शिकवत नाही, हे बरं वाटलं."

बाबांनी घसा साफ केला. बोलायचं बरंच होतं, पण ते बोलले नाहीत. मास्तर माणसाला हे किती जड जातं, ते त्यांच्या मिशीवरून कळत होतं. शेवटी नवऱ्याचा एक सहकारी म्हणाला, "मग आम्ही निघू का?" आणि आईंनी तिघांनाही चहाला बसवलं.

कॉम्प्युटर मात्र त्यानंतर उठला नाही. कॉम्प्युटरवाल्याने पाठीवर हात ठेवून सांगितलं, "पेशंट वाचेल, पण स्मृती गेली." नवी सिस्टिम घालावीच लागली. म्हणजे जो निर्णय मी रविवारी घेणार होते, तो बॅगेच्या चाकाने घेतला. डाव दोघांनाही तोंडपाठ होता, फक्त एका प्याद्यावरून एकमत होईना. बाबा म्हणत, ते मेलं. आई म्हणत, अजून धडधाकट आहे. नाइलाजाने नव्याने मांडायचं ठरलं.

मी नवा, चकचकीत बुद्धिबळाचा खेळ शोधून बसवला. दोन खेळाडू, रोज एक चाल, सगळं पूर्वीसारखं. बाबा तर अजूनही आईंच्या चालीच्या वेळी काठी घेऊन बाहेर जायला तयार होते. पहिल्या दुपारी आईंनी चष्मा लावला, उंट उचलला, ठेवला. त्याबरोबर पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरं उमटली: 'ही चाल कमकुवत आहे. थांबा, पुन्हा विचार करा.' आणि खाली एक छोटा टोपीवाला गुरुजी बोट हलवायला लागला.

आई उठल्या. "घरात एक कमी होता का?" म्हणून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

त्या गुरुजीला बंद करायचं बटण मी दोन दिवस शोधलं. दुकानातली सगळी यंत्रं मला येतात, पण हे बटण काही सापडलं नाही. शेवटी नवऱ्याने खिशातून वायरींना गुंडाळतात ती काळी चिकटपट्टी काढली, दातांनी एक तुकडा तोडला आणि पडद्याच्या त्या कोपऱ्यावर चिकटवून टाकला. डाव आता सुरळीत चालू आहे. दुकानात कोणी विचारलं तर मी सांगते, आमच्याकडे घरी एकदम नवी सिस्टिम आहे. फक्त कोणाला बघायला घरी बोलावत नाही.